पॉवेल-गृह : एका विटांच्या नगरगृहाचा पाठविचार

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण तिसऱ्या रस्त्यावर २४४ क्रमांकाचे एक विटांचे घर आहे. तळमजला, त्यावर दोन मजले आणि वर उतरते छप्पर, अशी त्याची साधी घडण आहे. ते १७६५ साली उभे राहिले आणि सॅम्युएल पॉवेल या आपल्या दुसऱ्या मालकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकेच्या राज्यक्रांतीच्या काळातील अनेक प्रमुख व्यक्तींचा वावर या घरात झालेला असल्यामुळे त्याचे नाव इतिहासग्रंथांतून वारंवार येते. तथापि या घराविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न निराळाच आहे. घराच्या दर्शनी भिंती मूळ जागी उभ्या आहेत. परंतु त्याची वैभवाची जी दोन दालने, त्यांतील एकाचे लाकूडकाम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, तर दुसऱ्याचे फिलाडेल्फियाच्याच कलासंग्रहालयात आहे. घरात आज जे दिसते ती त्यांची प्रतिकृती होय. अशा स्थितीत ‘पॉवेल-गृह’ या नावाने आपण नेमके कशाचा निर्देश करतो?

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. मूळ पोथीची काही पाने एका भांडारात, काही दुसऱ्या भांडारात, आणि मूळ स्थानी केवळ नक्कल, ही परिस्थिती पाठचिकित्सेत नित्याची आहे. तेथे आपण प्रथम कोणता हात कोणाचा हे ठरवितो आणि मगच ग्रंथाविषयी बोलतो. प्रस्तुत लेखात हीच पद्धत एका वास्तूला लावून पाहावयाची आहे. असे करताना वास्तुशास्त्राच्या परिभाषेकडेही लक्ष द्यावे लागेल. कारण जुन्या घरांविषयीचे बरेचसे गैरसमज शब्दांच्या गैरवाचनातून निर्माण झालेले आहेत.

१. संज्ञांचा प्रश्न

‘टाउन हाउस’ या इंग्रजी संज्ञेचे अर्थ एकाहून अधिक आहेत. इंग्लंडमध्ये ज्याची ग्रामीण भागात वडिलोपार्जित जमीन व वाडा आहे अशा सरदाराचे शहरातील निवासस्थान असा तिचा एक अर्थ होता. वसाहतकाळातील न्यू इंग्लंडमध्ये हीच संज्ञा नगरसभेच्या इमारतीस लावीत. बॉस्टन येथील सतराव्या शतकातील ‘टाउन हाउस’ ही कोणाचे घर नसून सार्वजनिक इमारत होती. शेजारच्या घराला भिंत लावून उभे असलेले, अरुंद दर्शनी भागाचे शहरी घर हा आज रूढ असलेला अर्थ होय. प्रस्तुत लेखात ‘नगरगृह’ हा शब्द या शेवटच्या अर्थाने योजिला आहे. अठराव्या शतकातील खरेदीखतांत मात्र बहुधा ‘मेस्युएज’ हा जुना कायदेशीर शब्द आढळतो. त्यात घर, अंगण आणि जोडइमारती या सर्वांचा समावेश होतो. केवळ ‘हाउस’ हा शब्द शोधीत दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकाच्या हाती म्हणूनच अर्धाच पुरावा लागण्याचा संभव असतो.

मजल्यांच्या गणनेविषयीही येथेच सावध केले पाहिजे. आपण मराठीत ब्रिटिश प्रघाताप्रमाणे तळमजला वगळून वरच्या मजल्यास ‘पहिला’ म्हणतो. अमेरिकन लेखनात तळमजलाच पहिला ठरतो. पॉवेल-गृहाची दोन प्रसिद्ध दालने ‘सेकंड फ्लोअर’वर आहेत असे अमेरिकन ग्रंथ सांगतात, तेव्हा ती आपल्या भाषेत पहिल्या मजल्यावर आहेत असे समजावयाचे. या लेखात सर्वत्र मराठी गणना पाळली आहे.

२. रस्ता आणि सामाईक भिंत

नगरगृहाचा पहिला कर्ता मालक नव्हे, गवंडीही नव्हे. तो म्हणजे रस्ता आणि कायदा. १६६६ साली लंडनमध्ये भीषण आग लागून मध्यवर्ती शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. पुढील वर्षी संसदेने केलेल्या पुनर्बांधणीच्या कायद्याने घरांचे चार वर्ग पाडले, प्रत्येक वर्गातील मजल्यांची संख्या व भिंतींची जाडी निश्चित केली आणि बाह्य भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असा दंडक घातला. एकसारख्या उंचीच्या विटांच्या घरांची रांग हे लंडनचे जे रूप पुढे प्रसिद्ध झाले, त्याच्या मुळाशी सौंदर्यदृष्टीइतकेच आगीचे भय होते.

विल्यम पेन हा या आगीचा समकालीन. आपल्या अमेरिकन वसाहतीच्या राजधानीविषयी १६८१ साली दिलेल्या सूचनांत त्याने प्रत्येक घर आपापल्या भूखंडाच्या मध्यभागी असावे व दोन्ही बाजूंस बाग-मळे असावेत, म्हणजे नगर हिरवे राहील आणि कधी जळणार नाही, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधोमध सरळ रेषांत आखलेले नगर थॉमस होम याच्या आराखड्यात दिसते. परंतु व्यापार डेलावेअर नदीच्या धक्क्यावर चालत असे. प्रत्येकास धक्क्याजवळ राहावयाचे होते. परिणामी पेनच्या प्रशस्त भूखंडांचे तुकडे पडत गेले, मधून गल्ल्या निघाल्या आणि बागांच्या जागी भिंतीला भिंत लावून घरे उभी राहिली. पेनला टाळावयाचे होते ते लंडनच अशा रीतीने फिलाडेल्फियात अवतरले.

मग लंडनचा उपायही यावा हे क्रमप्राप्तच होते. १७२१ च्या एका कायद्याने पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने सामाईक भिंतींचे नियमन केले. भिंतीची रेषा व पाया ठरवून देण्यासाठी अधिकारी नेमले गेले, आणि आधी बांधणाऱ्याच्या भिंतीचा ज्याने नंतर उपयोग केला त्याने तिच्या खर्चाचा वाटा द्यावा असे ठरले. शेजाऱ्यांचे नाते येथे विटांत आणि हिशेबात मांडलेले दिसते. १७५२ साली बेंजामिन फ्रँक्लिन व त्याच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या ‘फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्यूशनशिप’ या परस्पर अग्निविमा-संस्थेने या व्यवस्थेत आणखी एक भर घातली. विमा उतरविण्यापूर्वी तिचा पाहणीदार घराची लांबी-रुंदी, भिंतींची जाडी, जिन्याची जात, लाकूडकामाचा दर्जा यांची नोंद करी. आगीच्या भयातून जन्मलेले हे टिपण आज वास्तुइतिहासकाराचे अत्यंत विश्वसनीय साधन ठरले आहे; कारण पाहणीदाराला घराची स्तुती करावयाची नव्हती, त्याला केवळ त्याची किंमत ठरवावयाची होती.

३. विटेची साक्ष

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या गावात एक दंतकथा हटकून ऐकावयास मिळते : या घराच्या विटा इंग्लंडहून जहाजाच्या तळाशी भार म्हणून आल्या. क्वचित् प्रसंगी विटांची अशी ने-आण झालीही असेल. परंतु फिलाडेल्फियाच्या बाबतीत तिची आवश्यकताच नव्हती. दोन नद्यांच्या मधील प्रदेशात उत्तम चिकणमाती विपुल होती आणि विटांच्या भट्ट्या वसाहतीच्या आरंभापासूनच सुरू झाल्या होत्या. मग दंतकथा कोठून आली? जुन्या कागदपत्रांत ‘इंग्लिश विटा’ आणि ‘डच विटा’ असे शब्दप्रयोग येतात. त्यांचा निर्देश विटेच्या मापाकडे व घडणीकडे असे. इंग्रजी मापाची वीट स्थानिक भट्टीत भाजलेली असली तरी ती ‘इंग्लिश’च म्हणविली जाई. पुढील पिढ्यांनी या विशेषणाचा अर्थ उत्पत्तिस्थान असा घेतला आणि एका शब्दाच्या गैरवाचनातून शेकडो घरांचा खोटा इतिहास तयार झाला.

‘फ्लेमिश बाँड’ या नावाचीही तीच गत आहे. भिंतीत वीट दोन प्रकारे बसविता येते : तिची लांब बाजू दर्शनी येईल अशी, किंवा तिचे आखूड तोंड दर्शनी येईल अशी. एकाच थरात लांब बाजू आणि आखूड तोंड आळीपाळीने येतील, आणि प्रत्येक तोंड खालच्या व वरच्या थरांतील लांब विटेच्या बरोबर मध्यावर बसेल, अशा सांधेमोडीस हे नाव आहे. नाव फ्लँडर्सचे असले तरी त्या देशातील बांधकामाचे ते व्यवच्छेदक लक्षण नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ही रचना प्रतिष्ठेची ठरली आणि तेथून ती वसाहतींत गेली. फिलाडेल्फियातील अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही घरांत आखूड तोंडे भट्टीच्या ज्वाळेने काळसर व चकचकीत झालेली निवडून घेतलेली आढळतात. त्यामुळे भिंतीवर सोंगट्यांच्या पटासारखी नक्षी उमटते. शतकाच्या उत्तरार्धात ही हौस ओसरली आणि एकसारखा तांबडा रंग, बारीक सांधे व पांढऱ्या लाकूडकामाची चौकट यांना मान मिळाला.

या रचनेस कौशल्य अधिक लागते आणि खर्चही अधिक येतो. म्हणून अनेक घरांत ती फक्त रस्त्याच्या बाजूस असते; बाजूच्या व मागच्या भिंती साध्या रचनेत उरकलेल्या असतात. प्रमाणभाषा आणि बोली यांचे जे नाते, तेच येथे दर्शनी भिंत आणि परसदारची भिंत यांचे आहे. चारचौघांत बोलावयाची भाषा रस्त्याकडे, घरातली मागे. पॉवेल-गृहाच्या दर्शनी भागात प्रवेशद्वाराला अभिजात धाटणीची चौकट व त्रिकोणी शिरोभाग आहे, खिडक्या मोजून-मापून एकाखाली एक बसविलेल्या आहेत. आत किती वैभव आहे याचा मात्र बाहेरून फारसा बोध होत नाही. क्वेकर पंथीयांच्या या नगरात बाह्य आडंबर शिष्टसंमत नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

४. दोन मालक, अनेक हात

हे घर चार्ल्स स्टेडमन याने बांधविले. तो व्यापारी होता, आणि लोखंडाच्या भट्टीच्या उद्योगात काचकारखानदार हेन्री विल्यम स्टीगल याचा भागीदारही होता. हा उद्योग त्यास लाभला नाही, आणि घर विकण्याची पाळी आली. २ ऑगस्ट १७६९ रोजी सॅम्युएल पॉवेलने ते ३,१५० पौंडांस विकत घेतले. त्यानंतर पाचच दिवसांनी त्याचा एलिझाबेथ विलिंग हिच्याशी विवाह झाला.

पॉवेल हा एका सुताराचा नातू. इंग्लंडहून आलेल्या त्याच्या आजोबांनी सुतारकामातून व घरबांधणीतून एवढी मालमत्ता जमविली, की शहरात ते ‘श्रीमंत सुतार’ म्हणूनच ओळखले जात. नातवाने फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले, त्यानंतर सुमारे सात वर्षे युरोपात प्रवास केला; १७६४ साली डॉक्टर जॉन मॉर्गन याच्यासमवेत तो व्हॉल्तेरलाही भेटून आला. अशा मनुष्याने घर सजविण्यासाठी सामान लंडनहून मागवावे अशी कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु १७६५ साली त्याच्या मामाने त्यास कळविले होते की सामान तेथून आणू नये. इंग्रजी नमुन्यांबरहुकूम तितकेच चांगले काम येथील कारागीर करतात, आणि परदेशी मालाविषयी लोकांच्या मनात असंतोष आहे. स्टँप कायद्याचे ते वर्ष होते. घरातील खुर्ची कोठली असावी हा प्रश्न त्या वर्षी राजकीय झाला होता.

पॉवेलने १७६९ ते १७७१ या काळात घराचा अंतर्भाग नव्याने करविला. हे काम रॉबर्ट स्मिथ याच्याकडे होते. स्कॉटलंडमधून आलेला हा सुतार-स्थपती पुढे ‘कार्पेंटर्स हॉल’चा रचनाकार म्हणून प्रसिद्धीस आला. वास्तुशिल्पी हा स्वतंत्र व्यवसाय तेथे अद्याप रूढ झाला नव्हता. १७२४ साली स्थापन झालेल्या कार्पेंटर्स कंपनीचे सभासद असलेले निष्णात सुतार नमुनाग्रंथांच्या आधारे आराखडा, मोजमाप व देखरेख ही तिन्ही कामे करीत. अशा ग्रंथांपैकी एब्रहॅम स्वॉन याचा इंग्लंडमध्ये १७४५ साली निघालेला ग्रंथ १७७५ मध्ये फिलाडेल्फियात पुनर्मुद्रित झाला. अमेरिकेत छापलेला वास्तुविषयक पहिला ग्रंथ तोच. लाकडावरील कोरीव कामासाठी लंडनमध्ये शिकलेल्या हर्क्युलिस कोर्टनी याचे, आणि छताच्या चुनेगच्ची नक्षीसाठी जेम्स क्लो याचे नाव नोंदलेले आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १७६५ हे या घराचे वर्ष म्हणून दिले जाते, परंतु ज्या दालनांमुळे ते ख्यातीस आले ती दालने त्या वर्षाची नाहीत. भिंती स्टेडमनच्या, अंतर्भाग पॉवेलचा. संहितेवर भाष्य लिहिले जावे आणि कालांतराने भाष्यासच संहितेचे नाव मिळावे, असा हा प्रकार आहे.

५. दर्शनी भाग आणि मागील भाग

अरुंद व खोल भूखंडामुळे अशा घराची मांडणी जवळपास ठरलेलीच असते. प्रवेशद्वार एका कडेस, त्यातून आत जाणारा लांब बोळ, बोळाच्या एका अंगास रस्त्याकडील व मागील अशा दोन खोल्या, पुढे जिना. पॉवेल-गृहातील हा जिना महॉगनीचा आहे. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूस प्रशस्त दालन व त्यामागे लहान बैठकीची खोली. मुख्य घरामागे अरुंद जोडइमारत असते. मुख्य घर व जोडइमारत यांना सांधणाऱ्या जिन्याच्या भागास फिलाडेल्फियात ‘पिआझ्झा’ म्हणत. या शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नगरचौक. लंडनमध्ये चौकाभोवतालच्या कमानदार पडवीस तो चिकटला. अमेरिकेत इतरत्र तो पडवी याच अर्थी रूढ झाला आणि फिलाडेल्फियात दोन इमारतींमधल्या दुव्यास लागला. याच पडवीसाठी इंग्रजीने पुढे स्वीकारलेला ‘व्हरांडा’ हा शब्द हिंदुस्थानातून तिकडे गेलेला आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नकोच.

पहिल्या मजल्यावरील दालनात चहा, पत्ते, संगीत व नृत्य चाले. आज त्यास ‘बॉलरूम’ म्हणतात. परंतु अशा दालनाला एकच एक उपयोग नेमून देण्याची त्या काळी रीत नव्हती. सप्टेंबर १७७४ मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेससाठी आलेला जॉन ॲडम्स पॉवेलकडे जेवला आणि त्या मेजवानीतील पक्वान्नांची यादी देऊन, हे भोजन पापास्पद वाटावे इतके समृद्ध होते असे त्याने रोजनिशीत नमूद केले. जानेवारी १७७९ मध्ये फ्रँक्लिनच्या कन्येने पित्यास कळविले की त्याच्या वाढदिवसाच्या रात्री ती पॉवेलबाईंकडे वॉशिंग्टनसमवेत नाचली, आणि त्याच दिवशी त्याच्या विवाहास वीस वर्षे पूर्ण झाल्याचे त्याने तिला सांगितले. १७८७ च्या संविधानसभेच्या अखेरीस फ्रँक्लिनला, आपल्याला काय मिळाले, प्रजासत्ताक की राजेशाही, असे विचारणारी स्त्री ही एलिझाबेथ पॉवेलच होय, अशी नोंद जेम्स मॅकहेन्री याने केली आहे. हा संवाद याच दालनात झाला असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु मॅकहेन्रीच्या मूळ टिपणात स्थळाचा उल्लेख नाही. प्रसिद्ध वाक्यास प्रसिद्ध खोली मिळवून देण्याचा मोह उत्तरकालीनांना आवरला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दर्शनी व मागील भाग यांतील अंतर किती खरे होते याचा प्रत्यय १७७८ साली आला. शहर ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात असताना तहाच्या बोलण्यांसाठी आलेला अर्ल ऑफ कार्लाइल याने हे घर आपल्या निवासासाठी घेतले. मालक पति-पत्नींना मागील भागात राहावे लागले. एरवी नोकरचाकरांच्या वाट्यास येणाऱ्या त्या भागाचा अनुभव पॉवेल दांपत्यास त्या थोड्या काळात आला असेल. पेनसिल्व्हेनियात गुलामगिरी क्रमाक्रमाने नाहीशी करणारा कायदा १७८० साली झाला. तोपर्यंत शहरातील सधन घरांत गुलाम, करारबद्ध चाकर व पगारी नोकर यांच्या श्रमांवर संसार चालत, आणि जिन्याची महॉगनी ज्या कॅरिबियन प्रदेशांतून येई तेथील वृक्षतोडही गुलामांकडूनच करविली जाई. या माणसांचे हात घराच्या पाठात आहेत. त्यांच्या सह्या मात्र नाहीत.

६. दालनांचे स्थलांतर

क्रांतीपूर्वीचा शेवटचा आणि क्रांतीनंतरचा पहिला नगराध्यक्ष असा दुहेरी मान मिळालेला सॅम्युएल पॉवेल १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत मरण पावला. एलिझाबेथने १७९८ साली घर विकले. पुढील शतकात श्रीमंतांची वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली; विसाव्या शतकाच्या आरंभी या घरात घोड्याच्या केसांचा व्यापार चालत होता. १९१८ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मागील बैठकीच्या खोलीचे लाकूडकाम विकत घेतले, आणि पुढे दर्शनी दालनाचे लाकूडकाम फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाकडे गेले. १९३१ साली घर पाडून त्या जागी मोटारी उभ्या करण्याची सोय व्हावी असा घाट घातला जात असताना फ्रान्सिस ॲन विस्टर या विदुषीने स्मारकसंरक्षणासाठी एक संस्था स्थापून ते वाचविले. हरवलेल्या दालनांच्या प्रतिकृती करण्यात आल्या आणि १९३८ पासून ते लोकांस पाहण्यासाठी खुले झाले.

संग्रहालयांनी घर लुटले असा निवाडा देणे सोपे आहे, पण तो एकांगी होईल. १९१८ मध्ये हे घर टिकेल याची खात्री कोणासच नव्हती. याच शहरात जेकब ग्राफ या गवंड्याचे विटांचे घर होते. १७७६ साली त्यातील दोन खोल्या भाड्याने घेऊन टॉमस जेफर्सनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. ते घर १८८३ साली पाडले गेले, तेव्हा त्याची दालने कोणी उचलून नेली नाहीत. आज तेथे उभे असलेले घर १९७५ साली नव्याने बांधलेले आहे. त्याच्याशी तुलना करता पॉवेल-गृहाचे विखुरलेले अवयव निदान अस्तित्वात आहेत, हे मोठेच भाग्य म्हणावे लागेल.

तरीही या स्थलांतराने काय नष्ट झाले हे सांगितले पाहिजे. संग्रहालयात दालन पूर्ण दिसते, परंतु त्याचे बोळाशी, जिन्याशी, मागील जोडइमारतीशी आणि खिडकीखालच्या रस्त्याशी असलेले नाते तुटते. वाक्यातून काढलेला शब्द कोशात सुरक्षित राहतो. त्याची विभक्ती मात्र नाहीशी होते. उलटपक्षी मूळ घरात वाक्यरचना शाबूत आहे, पण काही शब्द नकलकाराने भरलेले आहेत. दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की ‘मूळ’ हे विशेषण संपूर्ण वास्तूला एकवार लावून मोकळे होता येत नाही. पॉवेल-गृहापुरते बोलावयाचे तर मांडणी रस्त्याची व कायद्याची, भिंती १७६५ च्या, अलंकरण १७६९ ते १७७१ या काळातील, आणि त्या अलंकरणाचे आज घरात दिसणारे रूप विसाव्या शतकातील आहे. प्रतिकृती हा दोष नाही. प्रतिकृतीवर तिचा काळ न लिहिणे हा दोष आहे. जुन्या घराचे वर्णन करणाराने प्रत्येक भागापुढे त्याचा हात व त्याचे वर्ष नोंदवावे, आणि प्रत्येक संज्ञा ज्या काळात लिहिली गेली त्या काळच्या अर्थाने वाचावी. पाठचिकित्सेत आपण जी शिस्त ताडपत्राला लावतो, तिची विटेलाही तितकीच गरज आहे.